कपाटातला कॅमेरा आणि रंकाळ्यावरचा कवड्या खंड्या: वन्यजीव छायाचित्रणाकडे परतताना

माझी कॅमेऱ्याची बॅग नऊ वर्षं कपाटाच्या वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठीच्या गाद्यांच्या मागं पडून होती. मुलं लहान, नोकरीची फिरती, वडिलांचं आजारपण. एकेक करत सगळं आलं आणि आधी दाजीपूर सुटलं, मग मसाई पठार, शेवटी कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावरची रविवारची सकाळसुद्धा. बॅग खाली काढली तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर ताडोबाचं बुकिंग. वाघ दिसला, फोटो मिळाले, पण शेजारच्या जिप्सीतल्या माणसाचेही हुबेहूब तसेच होते. घरी आल्यावर कॅमेरा पुन्हा सहा महिने बॅगेत गेला.

नीट सुरुवात झाली ती त्यानंतर, रंकाळ्यावर. त्याला आता दोन वर्षं झाली. ओळखीतले तीन-चार जण मधे विचारायला आले, "आमचाही कॅमेरा पडून आहे, कुठून सुरू करू?" त्यांना तुटक तुटक सांगितलं ते इथं सलग लिहितोय. या सगळ्याच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे: लांबचं जंगल आणि नवी लेन्स दोन्ही थांबू द्या. घरापासून पंधरा-वीस मिनिटांवरची एक जागा धरा, तिथला एक जीव धरा, आणि वर्षभर त्याच्याकडे जात राहा. चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापुरातल्या कोटीतीर्थ तलावाच्या परिसरात राहिले आणि तिथलंच पाणी, तिथलीच झाडं, तिथलाच प्रकाश रंगवत राहिले. कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट बाहेरून शिकायची गरज नाही.

आधी कॅमेरा आणि लेन्स तपासा

बॅटरीपासून सुरू करा. फुगलेली दिसली, खाचेत घट्ट बसत असली तर चार्जिंगला लावूच नका, ती ई-कचऱ्यात द्या. फुगलेली नसेल तर पूर्ण चार्ज करून दोन दिवस तशीच ठेवा आणि मग बघा किती उतरली. वर्षानुवर्षं रिकामी पडलेली बॅटरी बहुधा तग धरत नाही, एक नवी घ्यावी लागते. मेमरी कार्डावरचे जुने फोटो आधी संगणकावर घ्या आणि मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

लेन्सला मात्र वेळ द्या. कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे काय ते चपलांवर, पुस्तकांवर, चामड्याच्या पट्ट्यावर येणाऱ्या बुरशीवरून आपल्याला ठाऊक आहे. तीच बुरशी लेन्सच्या काचेवर धरते. अंधाऱ्या खोलीत लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मागच्या बाजूनं मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून आत बघा. धुळीचे दोन-चार ठिपके दिसणारच, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. बघायचं आहे ते कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या फुटलेलं काही दिसतंय का. माझ्या ७०-३०० मिमीच्या लेन्समध्ये कडेच्या बाजूला अगदी तसं होतं, थंडीत काचेवर दव गोठून नक्षी उठावी तसं. ते कापडानं पुसायला जाऊ नका, कारण बुरशी आतल्या काचेवर असते. लेन्स उघडून साफ करावी लागते आणि ते जाणकाराचंच काम आहे. माझी साफ झाली, तरी एक पुसट डाग काचेच्या लेपावर कायमचा राहिला. सूर्य समोर असेल तेव्हा फोटो जरा धुरकट येतो, एरवी काही कळत नाही. असा डाग असलेली लेन्स टाकून देऊ नका. फक्त ती साफ होईपर्यंत दुसऱ्या लेन्सच्या शेजारी ठेवू नका.

सेन्सरवरची धूळ बघायची तर लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ १६ वर, म्हणजे बारीक, ठेवून मोकळ्या आकाशाचा, मुद्दाम फोकस घालवून फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर ती धूळ. रबरी फुंकणीनं (ब्लोअरनं) जाते. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचा थेंब गेला की काम वाढतं.

आणि बॅग पुन्हा कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करता येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, त्यामुळे ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. नारंगी दाणे मिळाले तर तेच घ्या.

नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायचा मोह होईल. त्यातलं डोळा ओळखून फोकस धरणारं तंत्र खरंच फार चांगलं आहे, मी वापरून बघितलंय. तरीही पहिलं वर्ष जुन्यावरच काढा असं मी सांगेन. ३०० मिमीची लेन्स १.५ पट क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर ४५० मिमीइतकी जवळ आणते, आणि तलावाच्या काठी बसायची सवय असली तर ती पुरते. वर्षभरानंतर नेमकं काय अडतंय ते तुम्हालाच कळलेलं असेल, मग पैसे योग्य जागी जातील.

जुने फोटो उघडा

हे काम मी टाळत होतो. एका रविवारी बसलो आणि जुन्या हार्डडिस्कवरचे सगळे फोटो बघितले. हजारो होते. त्यातले आज भिंतीवर लावावेसे वाटतील असे दहाच निवडायचे, एवढंच ठरवलं होतं. निवडले तेव्हा लक्षात आलं की गव्याच्या शंभरेक फोटोंतला एकही दहात आला नव्हता. आला होता तो पावसात भिजलेला कोतवाल, तारेवर मान आखडून बसलेला. आला होता पंचगंगेच्या घाटावरच्या धुक्यातला बगळा, इतका लहान की शोधावा लागतो.

तुम्हीही दहा निवडा आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा: हा का आवडतो? प्रकाश, हालचाल, शांतता, जागा, जे असेल ते. ही दहा वाक्यं वहीत उतरवून ठेवा. परत सुरुवात करताना तुमच्या डोळ्यांना काय हवंय याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. तेव्हा मी पक्ष्या-प्राण्यांच्या याद्या करत होतो, आज धनेश झाला, उद्या शेकरू, परवा स्वर्गीय नर्तक. त्या याद्यांनीच माझा रस आटवला असं आता मला वाटतं.

जागा ठरवा, आणि पहिले दोन आठवडे कॅमेरा घरीच ठेवा

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. आठवड्यातून दोनदा कामाच्या आधी जाऊन येता आलं पाहिजे. बसायला जागा पाहिजे. आणि सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागं पाहिजे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. रंकाळा शहराच्या पश्चिमेला आहे, म्हणजे शहराच्या बाजूच्या काठावर उभं राहिलं की सकाळचं ऊन पाठीवरून येऊन थेट पाण्यावरच्या पक्ष्यावर पडतं, डोळ्यात चमक येते, पिसं न पिसं सुटी दिसतं. संध्याकाळी त्याच जागेवरून सगळं उलट होतं. समोर सूर्य, पाणी सोन्याचं आणि पक्षी काळे. तेव्हा छायाकृतींचे फोटो घ्यायचे.

कळंबा तलाव रंकाळ्यापेक्षा शांत आहे. पंचगंगेचा काठ, शिवाजी विद्यापीठाचा परिसर, गावाकडं असाल तर गावतळं किंवा ओढ्यावरचा बंधारा, काहीही चालेल. मी रंकाळा धरला कारण तो माझ्या वाटेवर आहे.

पहिले दोन आठवडे फक्त दुर्बीण आणि वही न्या. कुठला पक्षी कुठं बसतो, किती वाजता येतो, कशाला घाबरतो, एवढंच टिपा. हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं पिवळं टोक आणि कपाळाजवळचे लाल ठिपके. जलपर्णीवर लांबच लांब बोटं पसरून चालणारा कमळपक्षी. टिबुकली बुडाली की कुठं वर येईल याचा अंदाज. वारकरी पक्ष्याचं पांढरं कपाळ. हे सगळं कॅमेरा गळ्यात असताना दिसत नाही, कारण हात आधी उठतो आणि बघणं मागं राहतं. जानेवारीत कोल्हापुरात सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो. साडेसहाला जागेवर पोहोचलात तर अर्धा तास नुसतं ऐकायला मिळतं.

एक पक्षी धरा

मी कवड्या खंड्या धरला. काळा-पांढरा, पारव्याहून जरा लहान, आणि शिकणाऱ्यासाठी त्याच्यासारखा मास्तर नाही. तो हवेत एका जागी तरंगतो. पंख इतके भरभर हलतात की त्यांचा धूर होतो, चोच सरळ खाली, अंग कमानीसारखं वाकलेलं, पण डोकं मात्र हवेत खिळा मारल्यासारखं स्थिर. चार सेकंद, कधी आठ. मग पंख मिटतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो. मासा मिळाला नाही तर पुन्हा वर, दहा-पंधरा फूट पुढं सरकून पुन्हा तरंगतो. म्हणजे एका सकाळी तुम्हाला सरावाच्या वीस संधी मिळतात, आणि त्याही ठरावीक टापूत. मासा धरला की तो नेहमीच्या खांबावर किंवा वाळक्या फांदीवर येऊन बसतो, मासा फांदीवर आपटतो, मग डोक्याकडून गिळतो. त्या खांबावर आधीच फोकस लावून बसायचं.

तुमचा पक्षी दुसरा असेल. सुगरण धरलीत तर जून ते सप्टेंबर घरट्याच्या विणकामाची गोष्ट मिळेल, पण लांबून. वेडा राघू धरलात तर तारेवरून उडून माशी पकडून पुन्हा त्याच जागी परतणं मिळेल. रोज दिसणारा असावा एवढीच अट आहे.

बोटांना पुन्हा वळण लावा

डोळा दोन आठवड्यांत परत येतो, बोटांना दोन महिने लागतात. घराच्या गच्चीवरून घारी टिपत राहणं हा सगळ्यात चांगला व्यायाम आहे. कोल्हापूरच्या आकाशात घारींना तोटा नाही. रोज दहा मिनिटं पुरे, फोटो पुसून टाकले तरी चालतील.

कॅमेऱ्याची मांडणी मी अशी ठेवतो. मोड मॅन्युअल, पण आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो. शटर आणि छिद्र माझ्या हातात, प्रकाश कमी-जास्त झाला की कॅमेरा आयएसओ सांभाळतो. छिद्र लेन्स उघडेल तेवढं, एफ ५.६ किंवा ६.३. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचं शटर पुरतं, हात स्थिर असला तर १/२५० सुद्धा. उडत्या घारीला १/१६००. तरंगणाऱ्या खंड्याला १/२५०० किंवा त्याहून जास्त, आणि तरीही पंखांची टोकं थोडी पुसट येतात, जी मला आवडतात. कधी मुद्दाम १/३० वर येऊन उडत्या बगळ्याबरोबर कॅमेरा फिरवत न्या. पन्नासातले एकोणपन्नास वाया जातात, पण उरलेल्या एकात पाणी रेघांचं होतं आणि डोळा तेवढा टोकदार राहतो.

फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याप्रमाणे एआय सर्वो किंवा एएफ-सी. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या एएफ-ऑन बटणावर द्या. पहिला आठवडा अंगठा चुकेल, चिडचिड होईल. नंतर पक्षी बसला की अंगठा उचलायचा आणि उडाला की दाबून धरायचा, इतकं ते सोपं होतं. जुन्या कॅमेऱ्यावर मधला एकच बिंदू वापरा, तो सगळ्यात भरवशाचा असतो.

उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) हा भाग परतणारे हमखास विसरलेले असतात. कॅमेऱ्याला समोरचं सगळं करड्या रंगाचं वाटतं आणि तो चित्र तिकडं ओढतो. गडद पाण्यावरचा पांढराशुभ्र बगळा घ्याल तर कॅमेरा पाणी उजळायला जातो आणि बगळ्याची पिसं जळून पांढरा ठिगळ होतो, म्हणून उणे १ च्या आसपास न्या. उलट पांढऱ्या आकाशासमोर पाणकावळा असेल तर तो कोळशाचा तुकडा होतो, तिथं अधिक १. चौकट भरून काळा गवा आला तर पुन्हा उणे, नाहीतर तो राखाडी दिसेल. काढलेला फोटो बघताना जास्त उजळलेला भाग लुकलुकण्याची सोय चालू ठेवा. बगळा लुकलुकला की समजा, पिसं गेली. आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्या.

दहाच्या पुढं पाण्यावरून वाफेसारखी हवा हलायला लागते. तेव्हा लांबचा फोटो कितीही चांगल्या लेन्सनं काढला तरी मऊच येतो. लेन्सला दोष देऊ नका, घरी जाऊन नाश्ता करा.

जवळ जायचं कसं

उभा माणूस पक्ष्याला धोका वाटतो, बसलेला कमी वाटतो. पक्षी येण्याआधी जाऊन बसा, पक्षी आल्यावर जाऊ नका. माझ्या दोन वर्षांतला हा सगळ्यात मोठा धडा आहे. काठावर शक्य तितकं खाली बसा, कॅमेरा पाण्याच्या पातळीच्या जवळ आला की मागची पार्श्वभूमी दूर जाते आणि पक्षी सुटा होतो. जुनी सतरंजी आणि तांदळानं अर्धी भरलेली कापडी पिशवी न्या. पिशवीवर लेन्स टेकवली की तिकाटण्याची (ट्रायपॉडची) गरज राहत नाही.

पक्ष्यानं खाणं थांबवलं, मान ताठ केली, तुमच्याकडं एकटक बघितलं की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथंच थांबा, हवं तर दोन पावलं मागं या. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, विशेषतः उन्हाळ्यात, तर तुमच्या पायाजवळ कुठंतरी उघड्या खड्यांत तिची अंडी आहेत. ती खड्यांसारखीच दिसतात. आल्या वाटेनं परत फिरा.

घरट्यावरच्या पक्ष्याचे फोटो मी काढत नाही. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावत नाही. खाऊ टाकून बोलावत नाही. बऱ्याच जणांशी यावरून माझे वाद झाले आहेत, पण मला यात मधला मार्ग दिसत नाही. आवाज ऐकून नर पक्षी आपल्या हद्दीत घुसखोर आला समजतो, भांडायला येतो, आणि त्या वेळात ना खातो ना पिलांना भरवतो.

ऊसतोडीच्या शेतात

नोव्हेंबर ते मार्च हा आपल्या जिल्ह्यातला खास हंगाम आहे आणि त्याचे फोटो मी फारसे कुणाचे बघितले नाहीत. ऊस तुटतो तसे त्यात दडलेले किडे, उंदीर बाहेर पडतात. कोतवाल, गायबगळे, घारी तोडणीच्या मागं मागं येतात. नंतर नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरमागं पांढऱ्या बगळ्यांची रांगच लागते, काळी ओली ढेकळं आणि त्यावर ते. सकाळचं कोवळं ऊन, गुऱ्हाळाचा धूर मागं, यापेक्षा कोल्हापुरी चित्र दुसरं कुठलं?

शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. करवीर तालुक्यातल्या एका मळ्यात मी विचारायला गेलो तेव्हा बांधावरच्या आजोबांनी आधी मलाच विचारलं, "कशाचं फोटू काढताय पावणं?"

"बगळ्यांचं."

"बगळ्याचं? ते तर रोजचंच हाय की."

"व्हय आजोबा, रोजचंच हाय म्हणूनच."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आत्ता नगासा. नऊला ट्रॅक्टर येतोय, तवा बघा किती येत्यात ते. आनि त्या कडंला जाऊ नगासा, पानी सोडलंय." नऊ वाजता खरंच साठ-सत्तर बगळे उतरले, आणि मी उभा होतो ती जागा त्यांनीच दाखवलेली होती.

तोडणीत कधी कधी रानमांजराची किंवा बिबट्याची पिलं सापडतात. तेव्हा फोटो विसरा. हात लावू नका, गर्दी होऊ देऊ नका, काम थांबवून लोकांना लांब करा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आई बहुधा जवळपासच असते आणि रात्री पिलं घेऊन जाते, पण तेवढी शांतता तिला मिळाली तर.

आता दाजीपूर

पाच-सहा महिने घरच्या पाण्यावर काढले की मग जंगलाकडं जा. कोल्हापुरापासून ऐंशीएक किलोमीटरवर राधानगरी अभयारण्य आहे, आपण ज्याला दाजीपूर म्हणतो ते. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे राज्यातलं पहिलं अभयारण्य. क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश आहे. प्रवेशाची परवानगी वनविभागाकडून घ्यायची, पावसाळ्यात सफर बंद असते, ड्रोन चालत नाही. निघायच्या आदल्या दिवशी वनविभागाच्या कार्यालयात फोन करून वेळा विचारून घ्या.

इथं रंकाळ्याचा अनुभव उपयोगी पडतो आणि थोडा बदलावाही लागतो. दाट झाडीत उजेड इतका कमी असतो की आयएसओ ३२०० ते ६४०० वर जावंच लागतं. घाबरू नका. दाणेदार पण टोकदार फोटो चालतो, स्वच्छ पण हललेला चालत नाही. गवे बघायचे तर सड्यांवर, म्हणजे जंगलातल्या त्या मोकळ्या कातळपठारांच्या कडेला, सकाळी लवकर किंवा दिवस कलताना. गव्याची ताकद त्याच्या खांद्याच्या उंचवट्यात आणि पायांतल्या पांढऱ्या मोज्यांत दिसते, म्हणून पाय चौकटीत ठेवा. गवतात पाय झाकले गेले की तो म्हशीसारखा दिसायला लागतो. एकट्या नराच्या वाटेत येऊ नका, गाडीतून उतरू नका. गवे शहराच्या कडेपर्यंत आले तेव्हा मोबाईल उंचावून मागं धावणारी गर्दी आपण सगळ्यांनी बघितलीय. घाबरलेला गवा कुणालाच ऐकत नाही.

धनेशामागं फिरू नका. फळांनी लगडलेला उंबर किंवा वड शोधा आणि त्याच्यापासून लांब बसा. धनेश येतो, हरियाल येतात, शेकरू येतं. धनेशाच्या पंखांचा आवाज तो दिसण्याआधी येतो, लोहाराच्या भात्यासारखा, तेव्हाच कॅमेरा उचला.

पावसाळा

जूनमध्ये सगळे कॅमेरे आत जातात, तेव्हा आंबोलीचा हंगाम सुरू होतो. रात्री बेडूक, पानांवर चापडे (विषारी साप), पाण्यावर ओथंबलेल्या फांद्यांना उडत्या बेडकाचे फेसाचे घरटे. जांभ्याच्या कातळावर आंबोलीचा भेक, जो फार थोड्या भागात आढळतो. इथं लेन्स मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, लागते आणि फ्लॅशवर पांढरं कापड किंवा मऊ प्लास्टिक लावून उजेड मऊ करावा लागतो.

बेडूक हातात धरू नका. त्याची कातडी श्वास घेते, आपल्या हातावरचं मीठ, मच्छर पळवायचं मलम तिला सोसत नाही. फोटोसाठी फांदी वाकवू नका, साप काठीनं सरळ करू नका. स्थानिक वाटाड्या घ्या. त्याला पाय कुठं ठेवायचा ते कळतं, आणि अंधारात चापड्याजवळ पाय कुठं ठेवायचा हाच मुख्य प्रश्न असतो. जळवांसाठी लांब मोजे, त्यावर तंबाखूचं पाणी. थंड गाडीतून दमट हवेत उतरलात की काचेवर वाफ धरते, म्हणून उतरण्याआधी अर्धा तास गाडीचा एसी बंद करा आणि कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

लांब जाणं होत नसेल तर गच्चीवरून पावसात भिजणारे पक्षी बघा. माझ्या दहा फोटोंतला तो कोतवाल असाच मिळाला होता.

निवड, वही, छपाई

आल्या संध्याकाळी फोटो बघू नका, दोन दिवस थांबा. उत्साह ओसरला की नजर कठोर होते. एका फेरीतले पाच ठेवा, बाकीचे पुसा. पाच दोन ठिकाणी साठवा. पक्षी, तारीख, वेळ, हवा वहीत लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केलीत तर ती पक्ष्यांच्या अभ्यासालाही उपयोगी पडते, पण घरट्याची किंवा दुर्मीळ जिवाची नेमकी जागा कुठंही सांगू नका.

रंग-उजेड दुरुस्त करताना एक प्रश्न पुरेसा आहे: त्या सकाळी असं दिसलं होतं का? काठावरची प्लास्टिकची पिशवी मी फोटोतून पुसत नाही. जमलं तर आधीच उचलून टाकतो, नाहीतर ती फोटोत राहते. रंकाळ्यावर ती असते.

आणि महिन्याला एक फोटो छापा. आठ बाय बारा इंचाचा, मॅट कागदावर. याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, आपल्याला फक्त छापून आणायचंय. पडद्यावर चांगला वाटलेला फोटो कागदावर कुठं कमी पडतो ते लगेच कळतं. सावल्या बुजलेल्या असतात, पक्षी चौकटीत फार मधोमध असतो, क्षितिज कलतं असतं.

पहिला छापलेला फोटो कवड्या खंड्याचा होता, खांबावर बसलेला, चोचीत आडवा मासा. रोज सकाळी ज्यांच्या गाडीवर चहा घ्यायचो त्या मामांना तो नेऊन दिला. त्यांनी ओले हात टॉवेलला पुसले, फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "ह्यो त्या मोडक्या खांबावरला न्हवं? आता तिथं बसत न्हाई त्यो. पंधरा दिवस झालं, पलीकडं वाळक्या बाभळीवर बसतोय." मी त्या पंधरा दिवसांत तीनदा येऊन गेलो होतो आणि तिन्ही वेळा मोडक्या खांबावर फोकस लावून बसलो होतो. चहा संपवला आणि सतरंजी घेऊन बाभळीकडं निघालो.